राब : भाताच्या रोपासाठी पेटलेला वाद

उत्तर कोकणात भातशेतीचा आरंभ पावसाने नव्हे, आगीने होत असे. भर उन्हाळ्यात रोपांसाठी राखलेल्या तुकड्यावर शेण, झाडांचा टहाळ, पातेरा आणि गवत यांचे थर रचायचे, वर मातीचा पातळ थर पसरायचा आणि वाऱ्याच्या उलट अंगाने आग लावायची. अशी आग भडकत नाही, सावकाश धुमसत जाते. हाच राब. मृगाच्या सुमारास त्याच भाजलेल्या जमिनीत बी पडे आणि तीन-चार आठवड्यांनी रोपे उपटून खाचरांत लावणी होई. बांध घातला की खाचरात पाणी साठते. पण त्या पाण्यात तग धरायला रोप आधीच दणकट आणि तणमुक्त हवे. पुढचे सारे पीक त्या लहानशा तुकड्यावर अवलंबून होते.

१८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलांतील तोडीवर निर्बंध आले आणि ठाणे व कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांत संघर्ष उभा राहिला. वनखात्याच्या लेखी राब म्हणजे जंगलाचा नाश. शेतकऱ्याच्या लेखी टहाळ बंद म्हणजे रोप बंद. ज्याच्याकडे डोंगरउताराची वरकस जमीन होती त्याला स्वतःच्या झाडांचा आधार होता. ज्याच्याकडे ती नव्हती, त्याला जंगलावाचून गती नव्हती. अर्थात वारंवार छाटलेले ऐनाचे झाड खुरटते, हा वनखात्याचा आक्षेपही खोटा नव्हता. तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ चा.

राब हा अडाणीपणा की शास्त्र, याचा प्रयोगाने शोध घेतला तो पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी जोशी व कानिटकर यांनी. १९१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासातून दिसले ते असे : राखेचा खत म्हणून उपयोग होतोच, परंतु खरे महत्त्व माती तापण्याला आहे. उष्णतेने मातीतील अन्नद्रव्ये रोपाला सहज घेता येतील अशी होतात. शिवाय तणाचे बीही जळते. म्हणजे टहाळाऐवजी नुसते खत घालून भागणार नव्हते. जाळायला काहीतरी लागणारच होते.

तोवर आयोगाच्या अहवालाला पंचवीस वर्षे झाली होती.