बांगडी, धजा आणि लुगडे : एकोणिसाव्या शतकातले जबलपूर

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जबलपूर नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होते. डिसेंबर 1817 मध्ये इंग्रजांनी ते घेतले. राज्य बदलले तरी बायकांचा पेहराव आपापल्या समाजाचाच राहिला. मराठी घरांत काष्ट्याचे नऊवारी लुगडे आणि पुढे गाठ मारलेली चोळी, हिंदीभाषक घरांत लहंगा-ओढणी आणि घुंघट, तर आसपासच्या गोंड बायकांचे लुगडे आखूड आणि अंगावर गोंदण. बांगडी मात्र सगळीकडे होती. लाखेच्या बांगड्या लखेरा जातीचे कारागीर करत.

नवरा गेला की पेहरावही जाई. मराठी ब्राह्मण विधवेच्या वाट्याला केशवपन आणि तांबडे आलवण येई, हिंदी मुलखात पांढरे वस्त्र. तांबड्या रंगाला तिथे एक वेगळा, भीषण अर्थही होता. जिल्ह्याचा कारभार पाहणाऱ्या विल्यम स्लीमनने मार्च 1828 मध्ये सती जाण्यास मदत करण्यावर बंदी घातली होती. 24 नोव्हेंबर 1829 रोजी नर्मदाकाठी उमेदसिंग उपाध्याय वारले. त्यांच्या वृद्ध पत्नीला सती जाऊ द्यावे, अशी परवानगी घरातल्या वडीलधाऱ्यांनी मागितली, स्लीमनने नाकारली. ती नदीपात्रातल्या उघड्या खडकावर, अंगावर एक पातळ चादर घेऊन, अन्नपाण्याविना बसून राहिली. दोन दिवसांनी तिने डोक्याला जाडेभरडे तांबडे फडके, म्हणजे ‘धजा’, गुंडाळली आणि बांगड्या फोडल्या. एवढ्याने ती जातीबाहेर गेली. जगली असती तरी घर तिला परत घेऊ शकत नव्हते. 28 तारखेला स्लीमन तिला भेटला, तेव्हा धजा डोक्यावर होती आणि दोन्ही हातांत नारळ. अखेर त्याने परवानगी दिली. तिच्या निग्रहापुढे तो नमला असे म्हटले जाते. पण धजा बांधल्यावर तिला परतीची वाट समाजानेच ठेवली नव्हती, हेही तितकेच खरे. आठवड्याभरातच, 4 डिसेंबरला, गव्हर्नर जनरल बेंटिंकचा सतीबंदीचा कायदा झाला.

बांगडी फक्त सौभाग्याचीच खूण नव्हती. 1857 च्या उठावात मंडला भागातल्या रामगढच्या राणी अवंतीबाईंनी आसपासच्या संस्थानिकांना पत्राबरोबर बांगड्या पाठवल्या, असे सांगतात: लढा, नाहीतर या भरून घरात बसा. जी वस्तू बायकांनी मानाने मिरवायची, तीच पुरुषाला लाजवायला वापरायची, आणि तेही स्वतः लढाईला उतरलेल्या राणीने!

कापडात खरा बदल रेल्वेने आणला. 1867 मध्ये अलाहाबादकडून आणि 1870 मध्ये मुंबईकडून लोहमार्ग जबलपूरला येऊन मिळाला. गिरणीचे कापड स्वस्त झाले आणि हातमागावरच्या कोष्टी-कोरींचे गिऱ्हाईक तुटू लागले. पुढे इथलेच सावकार राजा गोकुळदास यांची गिरणी शहरातच उभी राहिली. विधवांच्या पेहरावाला मात्र रेल्वेचा वारा लागला नाही. विधवाविवाहाला कायद्याने 1856 मध्येच मान्यता दिली होती, तरी आलवण आणि पांढरे लुगडे शतक सरेपर्यंत घराघरांत टिकून होते.