लहान यंत्रांना वाचा कशी फुटली



अलीकडे काही शाळांच्या प्रयोगशाळांत पत्त्यांच्या जोडाएवढी एक हिरवी पाटी पाहावयास मिळते. तिच्यावर काळ्या चौकोनी चकत्या बसविलेल्या असतात आणि कडेला बारीक खुंट्यांच्या ओळी असतात. दिसायला एवढीशी, पण हा एक पुरता संगणक आहे, बरं का! इंग्रजीत त्याला 'डेव्हलपमेंट बोर्ड' म्हणतात. आपण नुसते बोर्ड म्हणू. पंप चालू-बंद करणे, तापमान मोजणे, दिवे लावणे अशी कामे मुले त्याच्याकडून करवून घेतात. असे नवे बोर्ड कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा ते मुके असते. त्याला वाचा कोण देतो, आणि ती देण्याची रीत कशी घडत गेली, हा आजच्या भाषणाचा विषय.

संगणकातील सारा कारभार एका मूळ कार्यक्रमाच्या हाती असतो. स्मृतीतील कोणती जागा कोणाला द्यावयाची, कोणाचे काम आधी व कोणाचे नंतर, पडद्यावर काय दाखवायचे, हे सगळे तोच ठरवितो. या कार्यक्रमाला 'कर्नेल', म्हणजे गाभा, असे नाव आहे. आपण आज ज्या गाभ्याविषयी बोलणार आहोत त्याचे नाव लिनक्स. फिनलंड देशातील हेलसिंकी विद्यापीठाचे एक विद्यार्थी, लिनस टॉरवाल्ड्स, यांनी तो 1991 साली लिहावयास घेतला. त्या वर्षीच्या 25 ऑगस्टला त्यांनी आपल्या कामाची पहिली वार्ता जाहीर केली, तेव्हा हा केवळ आपला छंद आहे, याचे काही मोठे होणार नाही, असेच त्यांनी कळविले होते. पहिल्या आवृत्तीत सुमारे दहा हजार ओळी होत्या, आणि ती चालत असे ती एकाच जातीच्या यंत्रावर: इंटेल कंपनीच्या 386 या चकतीवर बांधलेल्या टेबलावरील संगणकावर. दुसऱ्या यंत्रावर हा गाभा जाईल असे त्या वेळी त्यांनाही वाटत नव्हते.

पण गाभ्याच्या ओळी सर्वांना उघड्या होत्या. 1992 साली तो अशा परवान्याखाली आला की, कोणीही तो वाचावा, बदलावा, वाटावा. मात्र वाटताना आपले बदलही उघडे ठेवावेत. मग काय! ज्याच्यापाशी जे यंत्र, त्याने तो गाभा त्यावर नेण्याचा उद्योग आरंभिला. 1995 च्या मार्चमध्ये निघालेल्या 1.2 आवृत्तीत अल्फा, स्पार्क आणि मिप्स या तीन वेगळ्या घराण्यांच्या यंत्रांना जागा मिळाली होती.

आपल्या बोर्डांचे घराणे मात्र आणखी निराळे. इंग्लंडमधील केंब्रिज गावी एकॉर्न नावाची एक कंपनी होती. तेथे सोफी विल्सन व स्टीव्ह फर्बर यांनी एक साधी आणि थोडक्या विजेवर चालणारी चकती योजली. 26 एप्रिल 1985 रोजी ती प्रथम चालली. हेच 'आर्म' घराणे. 1990 साली त्यासाठी स्वतंत्र कंपनी निघाली. ही कंपनी चकत्या विकत नव्हती, तर त्यांचा आराखडा भाड्याने देत असे. जो कारखानदार आराखडा घेई, तो त्याच्याभोवती आपल्या पसंतीची उपकरणे रचून चकती तयार करी. 1994 साली रसेल किंग यांनी लिनक्सचा गाभा एकॉर्नच्या यंत्रांवर नेण्यास प्रारंभ केला, आणि पुढे कित्येक वर्षे आर्मचा हा सारा विभाग त्यांनीच सांभाळला.

आता अडचण कोठे आली ते पाहा. टेबलावरील संगणकात बहुतेक उपकरणे विचारता येतात. 'या जागी कोण आहे?' असे गाभ्याने विचारले की उपकरण आपले नाव, गाव, कूळ सांगते. लहान बोर्डावर तशी सोय नसते. तेथील बहुतेक उपकरणे अबोल. ती कोणत्या पत्त्यावर बसली आहेत हे आधीच ठाऊक असावे लागते. एक उदाहरण घ्या. बोर्डातून अक्षरे बाहेर पाठविणारे एक साधे उपकरण असते. रास्पबेरी पाय या पहिल्या बोर्डावर त्याचा पत्ता, सोळाच्या पटीने मोजायच्या पद्धतीत, 20201000 असा आहे. बीगलबोर्ड नावाच्या बोर्डावर त्याच कामाचे उपकरण 49020000 या पत्त्यावर आहे. पत्ता चुकला तर यंत्र रागावत नाही, तक्रार करीत नाही. नुसते गप्प राहते. आणि गप्प यंत्राचे नेमके काय चुकले हे शोधण्याइतके कष्टाचे काम दुसरे नाही.

म्हणून नव्या बोर्डावर गाभा चढविणारे लोक पहिल्याने तीन बारीक तारा जोडतात आणि त्या अक्षरे पाठविणाऱ्या उपकरणाला जागे करतात. पडद्यावर पहिले अक्षर उमटले की बोर्डाला वाचा फुटली! त्यानंतर स्मृती किती व कोठे, घड्याळ कोणते, 'माझ्याकडे लक्ष द्या' अशी उपकरणांची हाक गाभ्यापर्यंत कोण पोचविणार, हे क्रमाने बसविले जाते. मग साठवणीचे कार्ड, मग जाळ्याची जोडणी. चित्र दाखविणारा भाग बहुधा सर्वांच्या शेवटी येतो.

आरंभी हे सारे पत्ते गाभ्याच्या ओळींतच लिहून टाकीत. प्रत्येक बोर्डासाठी स्वतंत्र मजकूर. प्रत्येक बोर्डाला एक क्रमांक दिला जाई, आणि तो एका नोंदवहीत चढे. बोर्ड सुरू करणारा लहानसा कार्यक्रम तो क्रमांक गाभ्याच्या हाती देई; गाभा त्यावरून ओळखी की आपण अमुक बोर्डावर आहोत, तेव्हा अमुक मजकूर चालवावा. बोर्डे थोडी होती तोवर हे ठीक चालले. पण 2008 साली बीगलबोर्ड आले, खिशातले फोन आले, नोंदवहीतील क्रमांक काही हजारांवर गेले. कारखानदार शेजाऱ्याने काय लिहिले आहे हे न पाहता तोच मजकूर थोडा फिरवून पुन्हा लिहीत. एका बोर्डासाठी बांधलेला गाभा दुसऱ्या बोर्डावर चालेना.

अखेर 2011 च्या मार्च महिन्यात टॉरवाल्ड्स यांचा संयम सुटला. आर्मचे लोक एकमेकांच्या पायात पाय घालीत आहेत आणि बोर्डाबोर्डाच्या मजकुराने गाभा निष्कारण फुगतो आहे, अशी तक्रार त्यांनी अतिशय तिखट शब्दांत जाहीरपणे केली. शब्द तिखट होते, पण तक्रार खरी होती. त्याच वर्षी आर्न्ड बर्गमन, ओलोफ जोहान्सन आदी मंडळींनी आर्म बोर्डांचे सारे बदल एका ठिकाणी गोळा करून, तपासून, मगच पुढे पाठविण्याची व्यवस्था लावली.

पण व्यवस्थेबरोबर विचारही बदलावा लागतो. तो विचार असा. आपल्याकडे जमीन महसुलाचा 1966 चा कायदा सबंध राज्याला एकच आहे. मात्र कोणत्या गटात किती क्षेत्र, विहीर कोठे, पीक कोणते, हे कायद्यात लिहिलेले नसते. ते गावच्या सातबारात असते. उद्या कोणी गावागणिक निराळा कायदा छापू लागला तर कचेरीत बसायला जागा उरेल का? लिनक्समध्ये नेमके तेच चालले होते. तेव्हा ठरले की कायदा गाभ्यात ठेवायचा आणि उतारा बाहेर काढायचा. या उताऱ्याला 'डिव्हाइस ट्री', म्हणजे उपकरणांचा वृक्ष, असे म्हणतात. बोर्डावर कोणती उपकरणे, कोणत्या पत्त्यावर, कोणाला कोणते घड्याळ, हे त्यात शिस्तीने लिहिलेले असते. बोर्ड सुरू होताना हा उतारा गाभ्याच्या हाती दिला जातो. उताऱ्यात उपकरणाच्या जातीचे नाव असते. गाभा त्या नावाचा वाहक कार्यक्रम आपल्या संग्रहात शोधतो आणि दोघांची गाठ घालून देतो.

ही कल्पना नवी नव्हती. अमेरिकेतील सन कंपनीत मिच ब्रॅडली यांनी 'ओपन फर्मवेअर' नावाची पद्धत रचली होती, तिच्यात हा वृक्ष होता, आणि 1994 साली त्या पद्धतीचे प्रमाणही प्रसिद्ध झाले होते. पॉवरपीसी घराण्याच्या यंत्रांसाठी लिनक्समध्ये तो 2005 पासून रुळला. ग्रँट लाइकली आणि त्यांचे सहकारी यांनी तो आर्मकडे आणला. फळ लवकरच दिसले. 10 डिसेंबर 2012 रोजी 3.7 आवृत्ती निघाली, तिच्यापासून एकच बांधलेला गाभा अनेक कारखानदारांच्या आर्म बोर्डांवर चालविण्याची सोय झाली.

अर्थात, सातबारा हाती आला म्हणून नांगरट होत नाही. उपकरण नव्या जातीचे असेल तर त्याचा वाहक कार्यक्रम कोणीतरी लिहावाच लागतो, आणि त्यासाठी त्या उपकरणाची माहिती उघड असावी लागते. रास्पबेरी पायचेच पाहा ना. हे बोर्ड 29 फेब्रुवारी 2012 रोजी केंब्रिजहूनच, मुलांच्या शिक्षणासाठी म्हणून, विक्रीस आले. ते चाले त्याच्या कर्त्यांनी स्वतंत्रपणे फेरफार केलेल्या गाभ्यावर. मूळ गाभ्यात त्याच्या चकतीला पहिली जागा मिळाली ती स्टीफन वॉरन यांच्या खटपटीने, त्याच 3.7 आवृत्तीत, पण ती अगदी प्राथमिक स्वरूपाची होती. चकती बनविणाऱ्या ब्रॉडकॉम कंपनीने चित्रे काढणाऱ्या भागाची माहिती 2014 च्या फेब्रुवारीत खुली केली. मग एरिक अँहोल्ट यांनी त्याचा वाहक लिहिला, आणि तो 4.4 आवृत्तीत, म्हणजे 2016 च्या जानेवारीत, दाखल झाला. पहिल्या नोंदीपासून तीन वर्षे लोटली होती.

कोणी विचारील, कारखानदाराचा फेरफार केलेला गाभा मिळतोच ना, मग मूळ गाभ्यात जागा मिळविण्याची एवढी यातायात कशाला? श्रोतेहो, खरी मेख येथेच आहे. कारखानदार एकदा गाभ्याची एक प्रत घेतो, तिच्यात घाईघाईने आपले बदल घुसवितो आणि बोर्ड विकून टाकतो. इकडे मूळ गाभा पुढे जात राहतो. त्यातील भोके बुजतात, चोरवाटा बंद होतात. ती प्रत मात्र जागच्या जागी राहते. दोन-तीन वर्षांनी कारखानदाराचे लक्ष नव्या मालाकडे वळले, की जुने बोर्ड पोरके होते. चकती शाबूत, तारा शाबूत, वीज लावली तर दिवाही लागतो. पण त्यावर नवे काही चालत नाही आणि ते जाळ्याला जोडणे धोक्याचे ठरते. चांगले यंत्र भंगारात जाते. मूळ गाभ्यात नोंद असली, तर गाभा पुढे नेणारे लोक त्या बोर्डालाही बरोबर घेऊन जातात.

मूळ गाभ्यात शिरण्याची रीत कडक आहे. बदल लहान लहान तुकड्यांत द्यावे लागतात, प्रत्येक तुकडा कशासाठी हे लिहावे लागते, आणि 2004 पासून प्रत्येकाखाली सही करावी लागते, की हे लिखाण देण्याचा मला हक्क आहे. तुकडे चारचौघांत वाचले जातात, परत येतात, पुन्हा लिहावे लागतात. ज्याला घाई आहे त्याला हे जाचक वाटते. पण दहा वर्षांनंतर ते कोणाला तरी वाचून दुरुस्त करावयाचे आहे, म्हणून ही शिस्त.

आपल्या देशाचाही या कामाशी संबंध आला आहे. बंगळूर येथे भारतीय विज्ञान संस्थेतील अध्यापक आणि एन्कोर कंपनीतील मंडळी यांनी ग्रामीण जनतेला परवडेल व तिच्या भाषेत बोलेल असा हातात मावणारा संगणक योजला. त्याचे नाव सिंप्युटर. त्यात आर्म घराण्याची चकती आणि लिनक्सचाच गाभा होता. तो बाजारात फारसा चालला नाही. पण 'खेड्यासाठी संगणक' हा विचार आपल्याकडे फोन खिशात येण्याआधी झाला होता, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पुढे 2018 साली मद्रासच्या आयआयटीने 'शक्ती' या स्वदेशी घराण्याच्या चकतीवर लिनक्स चालवून दाखविला. ही चकती रिस्क-फाइव्ह या खुल्या आराखड्यावरची. त्या आराखड्याला मूळ गाभ्यात त्याच वर्षीच्या जानेवारीत निघालेल्या 4.15 आवृत्तीत जागा मिळाली होती.

मिळालेली जागा मात्र इनाम म्हणून कायमची मिळत नाही. ज्या 386 चकतीवर लिनक्सचा जन्म झाला, तिलाच 2013 च्या फेब्रुवारीत 3.8 आवृत्तीने निरोप दिला. कारण ती वापरणारे उरले नव्हते आणि तिच्यासाठी ठेवलेला मजकूर इतरांच्या वाटेत येत होता. 2023 साली 6.3 आवृत्तीत आर्मच्या अनेक जुन्या बोर्डांचा मजकूरही असाच काढला गेला. काढण्यापूर्वी, हे बोर्ड कोणी वापरते का, अशी जाहीर विचारणा होते. ज्याच्यासाठी कोणी 'होय' म्हणते, ते राहते.

तेव्हा शिक्षक मित्रांनो, शाळेसाठी बोर्ड घेण्याचा प्रसंग आला तर किंमत विचारा, हमी विचारा, आणि आणखी एक गोष्ट विचारा: याची नोंद मूळ गाभ्यात आहे का, की विकणाऱ्याच्या वेगळ्या प्रतीवरच हे चालते? दुकानदाराला उत्तर ठाऊक नसेल, तर वरच्या वर्गातील एखाद्या हुशार मुलाला शोधायला सांगा. गाभ्याच्या सगळ्या ओळी उघड्या आहेत, उताराही उघडा आहे. त्यात आपल्या बोर्डाचे नाव सापडते की नाही, हे ते मूल एका दुपारी पाहून येईल. आणि जाता जाता तो उतारा वाचायलाही शिकेल.