पुराजलवायुमान, महाराष्ट्रातील

पुराजलवायुमान, महाराष्ट्रातील : उपकरणांनी पर्जन्यमापन सुरू होण्यापूर्वीच्या काळातील पर्जन्य व अवर्षण यांचे निसर्गात उरलेल्या खुणांवरून केलेले अनुमान. भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ मध्ये झाली. त्यामुळे देशव्यापी पद्धतशीर नोंदी सु. दीडशे वर्षांच्याच आहेत. १८७६–७८ किंवा १९७२ सारखी अवर्षणे कितपत अपवादात्मक होती, हे एवढ्या नोंदींवरून ठरत नाही. त्यासाठी वृक्षवलये, सरोवरांतील गाळ व गुहांतील चुनखडीचे स्तंभ यांचा आधार घ्यावा लागतो.

वृक्षवलये : उष्ण कटिबंधातील बहुतेक वृक्षांत स्पष्ट वार्षिक वलये आढळत नाहीत, साग हा महत्त्वाचा अपवाद होय. अपुऱ्या पावसाच्या वर्षी सागाचे वलय सामान्यतः अरुंद राहते. अनेक वृक्षांची वलये परस्परांशी जुळवून प्रत्येक वलयाचे वर्ष निश्चित करतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील संशोधकांनी ठाणे परिसरातील सागावरील अभ्यास १९८३ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे याच संस्थेने केरळातील सागापासून १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची मालिका तयार केली. तीत अल्प वाढीची वर्षे व मोसमी पावसातील अवर्षणे यांचा संबंध दिसून येतो.

सरोवरातील गाळ : बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराला बाहेर जाणारा प्रवाह नाही. पाऊस घटला की पाणी आटून क्षारांची संहती वाढते व गाळात गेलुसाइट या खनिजाचे स्फटिक तयार होतात. येथील सु. १० मी. गाळात सु. ११,००० वर्षांचा इतिहास साठलेला आहे. त्यावरून सु. ४,६०० ते ३,९०० आणि सु. २,००० ते ६०० वर्षांपूर्वी असे दोन दीर्घ शुष्क कालखंड अनुमानिले गेले आहेत.

इतिहासाशी संबंध : पुणे जिल्ह्यातील घोड नदीकाठच्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८–८३ या काळात उत्खनन केले. तेथे इ. स. पू. सु. १००० नंतर मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या व शेतीला उतरती कळा लागली. म. के. ढवळीकर यांनी याचे कारण वाढती शुष्कता हे मानले. मात्र लोणारच्या दोन्ही शुष्क कालखंडांत हा काळ बसत नाही. उलट, दुसऱ्या कालखंडातच सातवाहन, वाकाटक व यादव यांच्या सत्ता भरभराटीस आल्या. छत्तीसगढमधील दंडक गुहेतील स्तंभावरून इ. स. ६०० ते १५०० या काळातील पर्जन्याचे अनुमान करण्यात आले असून त्यात चौदाव्या शतकाच्या मध्यापासून तीव्र अवर्षणे दिसतात. परंपरेने १३९६–१४०७ असा सांगितला जाणारा दुर्गादेवीचा दुष्काळ याच सुमाराचा आहे.

गाळातील थर शतकांचा कल दाखवितो, तर दुष्काळ लागोपाठच्या दोन-तीन वर्षांतही पडतो. शिवाय पाऊस किती कमी झाला हे निसर्गातील खुणा सांगतात. धान्याचे साठे, पाण्याची व्यवस्था व राज्यकर्त्यांचे धोरण यांविषयी त्या मूक असतात. म्हणून अवर्षण व दुष्काळ यांत भेद करणे आणि वसाहतीच्या ऱ्हासावरूनच अवर्षण गृहीत न धरणे आवश्यक ठरते.