बॉम्बे हाय ते मालवण : सागरी तेलउत्खननाचे मोल आणि आव्हाने

१९७३ च्या जागतिक तेलसंकटाने आयातीवर विसंबलेल्या भारताची अर्थव्यवस्था अडचणीत आली. या पार्श्वभूमीवर फेब्रुवारी १९७४ मध्ये तेल व नैसर्गिक वायू आयोगाच्या ‘सागर सम्राट’ या वेधन-फलाटाने मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर बॉम्बे हाय येथे तेलाचा शोध लावला. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि तेलाच्या बाबतीत देशाला मोठा आधार मिळाला. हे या उत्खननाचे मोल होय.

मात्र या मोलाची दुसरी बाजूही इतिहासात नोंदली गेली आहे. २७ जुलै २००५ रोजी ऐन पावसाळ्यात एक साहाय्यक जहाज फलाटाच्या वायुनळाला धडकले. आगीत फलाट सुमारे दोन तासांत नष्ट झाला व २२ जणांचा बळी गेला. तेथे पाण्याची खोली जेमतेम ७५ मीटर आहे. त्याहून कितीतरी खोल पाण्यात दुरुस्ती व बचावकार्य अधिकच दुष्कर ठरते.

मालवणच्या दृष्टीने हा प्रश्न दूरचा नाही. येथील सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. प्रवाळ आणि रापणीची मासेमारी स्वच्छ पाण्यावरच टिकून आहेत. पावसाळ्याच्या तोंडावर पश्चिम किनाऱ्यावर डांबरगोळे वाहून येतात. तेलवाहू जहाजे व तेलविहिरी हे दोन्ही त्यांचे उगम मानले जातात.

सारांश, तेलाचा लाभ राष्ट्राच्या हिशेबात जमा होतो, तर त्याची जोखीम किनाऱ्याच्या खात्यावर पडते. म्हणून उत्खननाच्या निर्णयात मच्छीमारांनाही स्थान असणे न्याय्य ठरेल.