काडीमोड झाली, मग मूल कुणाचं?

मागच्या भागात आपण सातबाऱ्यावरच्या नावाबद्दल बोललो. त्यानंतर दोन-तीन गटांतून एकच प्रश्न आला. नवरा-बायको वेगळे झाले तर पोरं कुणाकडे राहायची? आणि ज्याच्याकडे नाहीत, त्याने काय करायचं, नुसतं लांबून बघत बसायचं? आज त्याचीच गोष्ट सांगते. गोष्ट जुनी आहे, म्हणून जुन्यापासूनच सुरू करू.

आपल्याकडे नवरा-बायको वेगळे होणं हे काही कोर्टामुळे आलेलं नाही. शेती करणाऱ्या, कष्ट करणाऱ्या कितीतरी जातींत पूर्वापार काडीमोड होती. पंचांसमोर काडी मोडायची, की संसार मोडला. कुठे नवरा सोडचिठ्ठी लिहून द्यायचा, त्याला फारकत म्हणायचे. मग बाईला पाट लावता यायचा, कुठे त्याला म्होतूर म्हणत. म्हणजे बाईला दुसरा संसार मांडायची वाट होती. पांढरपेशा घरांत तेवढीही वाट नव्हती. तिथली टाकलेली बाई जन्मभर माहेरच्या चुलीपाशीच.

पण या रिवाजात पोरांचं काय व्हायचं? बहुतेक ठिकाणी पोरं बापाच्या घरची. अंगावर पितं मूल असेल तर ते आईबरोबर जायचं, तेही पाय फुटेपर्यंत. पुढे त्याला बापाच्या घरी पोचवायचं. कारण साधं होतं. मुलगा वतनाचा, जमिनीचा वारस. मुलगी द्यायची तर बापाच्या घरातून द्यायची. पंच बसायचे, देणं-घेणं मोजायचे, लुगडी-दागिने परत करायचे, त्याच यादीत पोरंही असायची. पोराला काय हवं, हे पंचांनी विचारल्याचं फारसं ऐकू येत नाही.

मग इंग्रजांचं कोर्ट आलं. आपल्याला वाटतं, साहेबाचा कायदा बाईच्या बाजूचा असेल. पण त्यांच्या घरात काय चाललं होतं तेही ऐका. कॅरोलाइन नॉर्टन नावाची एक लेखिका लंडनमध्ये राहायची. तिला तीन मुलगे. नवऱ्याचं नि तिचं पटेना, मारझोडही व्हायची. 1836 साली नवऱ्याने तिन्ही पोरं उचलली आणि तिला भेटू देईना. त्याने तिच्यावर बदफैलीचा आळ घेऊन दुसऱ्या माणसावर खटला भरला, तो खटला तो हरला, तरी पोरं त्याच्याकडेच राहिली. त्या वेळच्या इंग्लंडच्या कायद्यात मुलावर हक्क बापाचा, आईचा काहीच नाही. कॅरोलाइन लिहिती बाई होती. तिने पत्रकं लिहिली, खासदारांच्या मागे लागली आणि 1839 साली तिकडे कायदा झाला. सात वर्षांखालच्या मुलांचा ताबा आईला मागता येईल आणि मोठ्या मुलांना भेटण्याची परवानगी मागता येईल, एवढंच त्यात होतं. आईला हक्क दिला नव्हता, कोर्टाकडे मागायची मुभा दिली होती. आणि कॅरोलाइनच्या पदरात तेही पडलं नाही. नवऱ्याने पोरं स्कॉटलंडात ठेवली होती, तिथे हा कायदा चालत नव्हता. 1842 साली तिचा धाकटा मुलगा घोड्यावरून पडला, त्यात दगावला. आई पोचली तेव्हा उशीर झाला होता.

हे सगळं सांगायचं कारण, आपल्याकडे 1890 साली पालकत्वाचा जो कायदा झाला, तो याच साहेबांनी केला. तो आजही चालू आहे. त्यात एक कलम असं होतं, की बाप जिवंत आहे आणि तो नालायक ठरलेला नाही, तोवर कोर्टाने मुलाला दुसरा कुणी पालक नेमायचा नाही. त्या दुसऱ्या कुणीत आईही आली! आई हे शब्द त्या कलमात यायला 2010 साल उजाडावं लागलं. हिशोब करा, एकशे वीस वर्षं. त्याच कायद्यात एक चांगलं कलमही होतं. पालक नेमताना मुलाचं हित बघायचं आणि मूल जाणतं असेल तर त्याचं म्हणणं विचारात घ्यायचं. पंचांच्या यादीपेक्षा हे नक्कीच पुढचं होतं. पण बरीच वर्षं पहिल्या कलमाचं वजन जास्त पडलं.

मुसलमान मैत्रिणींच्या कायद्यात थोडं वेगळं होतं. हनफी रिवाजात लहान मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत सांभाळायचा हक्क आईचा. त्याला हिजानत म्हणतात. मात्र मुलाच्या मिळकतीचा कायदेशीर पालक बापच. म्हणजे भाकरी आईने करायची, सही बापाने. आणि खरं सांगू का, हिंदू घरातही वेगळं काही नव्हतं.

आता आपल्या मराठी मुलखातलं एक घर बघू. 1895 साली कवी नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाई त्यांच्यापासून वेगळ्या झाल्या. ही काडीमोड नव्हती, पण ताटातूट होती, आणि ती काही वर्षं टिकली. लहानगा दत्तू आईकडे होता, आई नातेवाइकांच्या आसऱ्याने. कायदा टिळकांच्या बाजूचा होता. धर्म बदलला म्हणून बापाचा हक्क जात नव्हता. ते कोर्टात गेले असते, तर दत्तूला घेऊन जाऊ शकले असते. ते गेले नाहीत. पुढे लक्ष्मीबाई नगरला नवऱ्याकडे गेल्या, 1900 साली स्वतः ख्रिस्ती झाल्या आणि म्हातारपणी त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिलं. तुमच्या गावच्या वाचनालयात असेल तर गटात वाचून काढा, हसता हसता डोळ्यांत पाणी येईल. मला त्यात एक गोष्ट मोठी वाटते. हातात हक्क असून बापाने तो पोराच्या गळ्यात दावं घालायला वापरला नाही.

स्वातंत्र्याच्या सुमाराला, 1947 साली, मुंबई इलाख्याने हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. 1955 साली सगळ्या देशासाठी हिंदू विवाह कायदा आला. त्यात जिथे रिवाजाची काडीमोड आहे, तिथे ती चालेल असंही ठेवलं आहे, पण तसा रिवाज आहे हे सिद्ध करावं लागतं. पुढच्या वर्षी, 1956 ला, मुलांच्या पालकत्वाचा कायदा आला. त्यात लिहिलं, मुलाचा नैसर्गिक पालक बाप, आणि त्याच्यानंतर आई. पाच वर्षांखालचं मूल सहसा आईजवळ राहील.

‘त्याच्यानंतर’ या एका शब्दाने पुढची त्रेचाळीस वर्षं बायकांना नाचवलं. नंतर म्हणजे कधी? मेल्यावर? आणि जिवंत असून नसल्यासारखा असेल तर?

हा प्रश्न पहिल्यांदा सर्वोच्च न्यायालयापुढे नीट मांडला गेला तो आपल्या विदर्भातल्या एका शेताच्या भांडणातून. जमीन एका अज्ञान मुलीच्या नावावर होती. अज्ञान म्हणजे अठराच्या आतली, सातबाऱ्यावर अ.पा.क. असं लिहितात ना, ती. तिचे आईबाप कितीतरी वर्षं वेगळे राहत होते. मुलगी आईकडे, जमिनीचा कारभार आईकडे. आई ती जमीन कुळाला कसायला द्यायची. पुढे कज्जा उभा राहिला, की बाप जिवंत असताना आईने लिहून दिलेला पट्टा खरा मानायचा का? 1970 साली न्यायालयाने सांगितलं, बाप हयात आहे, पण मुलीच्या कुठल्याच गोष्टीत त्याचं लक्ष नाही, तिच्यापुरता तो नसल्यातच जमा. अशा वेळी आईलाच नैसर्गिक पालक मानता येईल.

मैत्रिणींनो, त्या आईने चळवळ केली नव्हती. शेत पेरलं जावं, मुलीच्या पोटाला मिळावं, म्हणून ती कागदावर अंगठा नाहीतर सही करत होती. कायद्याने मागाहून येऊन तिच्या कामाला नाव दिलं. माझ्या मते आपल्या राज्याच्या इतिहासात हा निकाल पाठ्यपुस्तकात असायला हवा होता.

तरी तो एका प्रकरणापुरता राहिला. 1984 साली लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावाने रोखे घ्यायला रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला, पालक म्हणून आपली सही केली. नवऱ्याची संमती होती. दोघांत भांडण नव्हतं. तरी बँक म्हणाली, बापाची सही आणा. त्या न्यायालयात गेल्या. त्यांच्याबरोबरच वंदना शिवा यांचाही अर्ज ऐकला गेला. त्यांचा घटस्फोटाचा दावा चालू होता आणि मुलाच्या ताब्याचा वाद होता. 17 फेब्रुवारी 1999 ला निकाल लागला. ‘त्याच्यानंतर’ म्हणजे तो मेल्यावर असं धरायचं नाही. बाप लक्ष देत नसेल, दूर असेल, आजारपणामुळे करू शकत नसेल, किंवा दोघांनी मिळून ठरवलं असेल की हे आई बघेल, तर आई त्याच्या हयातीतही पालक. यातलं शेवटचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. दोघांनी मिळून ठरवणं, हे पहिल्यांदा असं स्पष्ट आलं. कलम मात्र अजून जसंच्या तसं आहे, बाप पहिला.

इथपर्यंतचा सगळा इतिहास ‘मूल कुणाचं’ एवढ्याच प्रश्नाचा आहे. आता दुसरा प्रश्न. दोघांनी मिळून सांभाळायचं कसं?

1984 साली कुटुंब न्यायालयांचा कायदा झाला, महाराष्ट्रात असं पहिलं न्यायालय 1989 ला पुण्यात सुरू झालं. तिथे समुपदेशक असतात, आधी बसवून बोलतात. पण तालुक्याच्या गावाला हे न्यायालय नसतं, आपल्याला साध्या कोर्टातच जावं लागतं. तिथली जुनी पद्धत ठरलेली, ताबा एकाला आणि दुसऱ्याला भेटीचे तास. कोर्टाच्या आवारात रविवारी दोन तास बाप नि पोरगं बाकावर बसलेत, दोघांना काय बोलावं सुचत नाही. पाहिलंय का कुणी? मी पाहिलंय.

2013 साली कर्नाटक उच्च न्यायालयाने वेगळं करून पाहिलं. मुलगा बारा वर्षांचा होता. जानेवारी ते जून बापाकडे, जुलै ते डिसेंबर आईकडे. ज्याच्याकडे नसेल त्याला शनिवार-रविवार भेट, फोनवर बोलायला आडकाठी नाही, शाळेचा नि बाकीचा खर्च निम्मा-निम्मा. 2015 च्या मे महिन्यात कायदा आयोगाने 257 क्रमांकाचा अहवाल दिला, त्यातही संयुक्त ताब्याची वाट कायद्यात असावी असं सुचवलं. तसा कायदा अजून झालेला नाही, पण दोघांनी लेखी ठरवून आणलं तर न्यायालयं तसे हुकूम करतात.

सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे, हे ऐकायला छान आहे. दोन्ही घरं एका शहरात असली तर जमेलही. पण आपल्याकडे बाप चाकणला कंपनीत, आई माहेरी, मधे दोनशे किलोमीटर. पोराने दर सहा महिन्यांनी शाळा बदलायची का? तिथे दिवस मोजण्यापेक्षा कामं वाटलेली बरी. शाळा एकच, आईच्या गावची. वह्या-पुस्तकं, गणवेश, दवाखाना कुणाकडे, ते ठरलेलं. दिवाळीची सुट्टी एका घरी, उन्हाळ्याची अर्धी-अर्धी. आजी-आजोबांकडे जत्रेला पाठवायचं. बुधवारी संध्याकाळी फोन, आणि तो फोन दोघांनी उणीदुणी काढायला वापरायचा नाही. आमच्या भागातल्या एका ताईंनी असा कागद वहीच्या पानावर लिहिला होता. त्यात एक ओळ होती, पोरीला आणायला जो येईल त्याला पाणी विचारायचं. वकिलाला ती ओळ काढून टाकावीशी वाटली, ताईंनी काढू दिली नाही.

जिथे मारहाण आहे, तिथे मात्र हे बोलणंच नको. 2005 च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात, भेटीने मुलाला धोका असेल तर भेट नाकारण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. मिळून सांभाळायचं म्हणजे मारणाऱ्याच्या दारात पुन्हा उभं राहायचं नाही.

स्टॅम्पपेपरवरच्या फारकतीबद्दलही सांगते. ‘मुलांचा खर्च मागणार नाही’ असं बाईकडून लिहून घेतात. मुलाचा पोटगीचा हक्क मुलाचा असतो, आईच्या सहीने तो जात नाही. पूर्वीचं कलम 125, 1 जुलै 2024 पासून नव्या कायद्यात ते कलम 144 झालं आहे. त्याच वर्षी 1 मे नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचं, मग बापाचं नाव लिहायचं, असं आपल्या सरकारने ठरवलं.

आणि एक. ‘कोर्टाने पाच वर्षांपूर्वी ताबा दिला, आता काय होणार’ असं म्हणून कितीजणी गप्प बसतात. 1973 सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय, की मुलं ही काही आईबापाची मालमत्ता नव्हे, आणि ताब्याचा हुकूम कायमचा नसतो. मूल वाढतं, परिस्थिती बदलते, हुकूमही बदलून मागता येतो. पालकत्वाचा अर्ज मूल जिथे राहतं त्या जिल्ह्याच्या न्यायालयात करता येतो, सासरच्या जिल्ह्यात खेटे घालायला नकोत. वकील तालुक्याच्या विधी सेवा समितीकडून मिळतो. बाईला तो मोफत आहे, तिची कमाई कितीही असो.