पाचाचा पाढा

 नागपूरला सोनेगावच्या विमानतळावर उतरताना वैमानिकाला हाताशी ठेवायला एक तोंडी हिशेब असतो: जमिनीवरचा वेग गुणिले पाच. वेग 140 नॉट असेल, तर मिनिटाला 700 फूट खाली यायचं.

हा पाच आला कुठून? उतरण साधारण 3 अंशांची असते. एका अंशाच्या उतारावर साठ पावलं पुढे गेलं की एक पाऊल खाली, असं ढोबळ मान धरतात. सागरी मैल 6076 फुटांचा, सोयीसाठी 6000 चा. म्हणजे मैलामागे अंशी शंभर फूट, तीन अंशांना तीनशे. 60 नॉटला मिनिटात एक मैल कापला जातो. तीनशेला साठानं भागलं की पाच.

खरी गंमत त्या साठात आहे. त्रिज्येइतक्या लांबीचा चाप 57.3 अंशांचा भरतो, त्याचेच साठ केले. आपल्या ज्योतिर्विदांनी मात्र तो कलांत, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागांत, मोजला: 3438. आर्यभटाच्या ज्यासारणीची (ज्या म्हणजे आजची साइन) त्रिज्या हीच, आणि भास्कराचार्यांनी 1150 च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त हीच ठेवली.   या त्रिज्येमुळे लहान कोनात चाप आणि ज्या एकच येतात. सारणीतला पहिला चाप 225 कलांचा, त्याची ज्याही 225. विमानाचे 3 अंश म्हणजे 180 कला, पहिल्याच घरात मावणाऱ्या. 180 भागिले 3438 केलं की 0.0524, आजचा गणकही 3 अंशांचा उतार एवढाच सांगतो.

म्हणून कॉकपिटात कुणी भास्कराचार्य वाचले होते, असं नव्हे. असल्या बढाया आपल्याकडे पुष्कळ झाल्या. भूमिती एक, एवढंच.

नेमका गुणक 5.3 येतो. त्यातली बहुतेक तूट 57.3 चे साठ केल्याची, थोडी मैलाचे फूट कापल्याची. 140 नॉटला हवेत जवळजवळ 743 फूट, पाढा देतो 700. तेवढ्यावर राहिलं तर विमान उतरणीच्या वर वर सरकतं. धावपट्टीशेजारच्या चार दिव्यांत दोन पांढरे, दोन लाल दिसायला हवेत. तिसरा पांढरा झाला की वैमानिक आणखी थोडं खाली घेतो.