ओळीअखेरच्या रिकाम्या जागांची सफाई

कोड एडिटरमध्ये ओळीच्या शेवटी राहून गेलेल्या स्पेस व टॅब, फाइलच्या तळाशी साचलेल्या कोऱ्या ओळी आणि इंडेंटमधली स्पेस-टॅबची सरमिसळ काढून टाकण्याचे काम. ओळ मध्येच तोडली, मजकूर चिकटवला किंवा एडिटरने कोऱ्या ओळीवर आपणहून इंडेंट दिले, की ही चिन्हे मागे राहतात.

बहुतेक भाषांत त्यांनी प्रोग्राम अडत नाही. जिथे अडतो तिथे चूक सापडता सापडत नाही. शेल स्क्रिप्टमध्ये लांब आज्ञा पुढच्या ओळीवर नेण्यासाठी शेवटी बॅकस्लॅश देतात. त्याच्यानंतर एक जरी स्पेस राहिली, तरी बॅकस्लॅश त्या स्पेसलाच लागू होतो, आज्ञा तिथेच संपते आणि पुढची ओळ स्वतंत्र आज्ञा म्हणून चालवली जाते. पडद्यावर फरक शून्य.

व्हीएस कोडमध्ये 'ट्रिम ट्रेलिंग व्हाइटस्पेस' ही आज्ञा आहे. फाइल जतन करताना आपोआप सफाई करण्याची सोय मुळात बंद असते. सगळ्या चमूला एकच नियम हवा असेल तर तो एडिटरकॉन्फिग फाइलमध्ये लिहितात. गिटच्या रंगीत डिफमध्ये नव्या ओळीअखेरची अशी जागा ठळक रंगात उठून दिसते.

सफाईचा कमिट नेहमी वेगळा ठेवावा. एक ओळ दुरुस्त करताना जुन्या फाइलच्या शेकडो ओळी साफ झाल्या, तर तपासणाऱ्याला खरा बदल हुडकत बसावे लागते आणि ओळ शेवटची कोणी बदलली ते दाखवणाऱ्या गिटच्या ब्लेममध्ये अशा प्रत्येक ओळीवर सफाई करणाऱ्याचे नाव येते. गिट २.२३ (२०१९) पासून असे कमिट ब्लेममधून वगळता येतात.

काही रिकाम्या जागांना अर्थ असतो. मार्कडाउनमध्ये ओळीअखेरच्या दोन स्पेस म्हणजे सक्तीची नवी ओळ. मेकफाइलमध्ये रेसिपीच्या ओळीआधी टॅबच लागतो.

मराठी मजकुराच्या फाइलींत सर्वांत जास्त जपावे लागते. 'दऱ्या' मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवतात: नुक्तावाल्या ऱ ला हलन्त जोडून, किंवा साध्या र ला हलन्त देऊन त्यापुढे झिरो विड्थ जॉइनर घालून. हा जॉइनर दिसत नाही, पण तो रिकामी जागाही नव्हे. सरसकट सगळी अदृश्य चिन्हे पुसणारी स्क्रिप्ट तोही पुसते, आणि डोंगरातल्या दऱ्यांचा 'दर्या', म्हणजे समुद्र होतो. अशा फाइलींत शोधाचा पॅटर्न ओळीअखेरच्या स्पेस आणि टॅबपुरताच ठेवावा.